अधिक-उणे तीनचा आडोसा

निवडणूकपूर्व चाचणीच्या बातमीखाली बारीक टायपात एक ओळ हमखास असते: ‘मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे तीन टक्के’. ती छापली की जबाबदारी संपली, असा वृत्तपत्रांचा समज दिसतो. वरचा मथळा मात्र अनेकदा याच ओळीला खोटे पाडतो. समजा, हजार मतदारांच्या चाचणीत एका पक्षाला ४२ आणि दुसऱ्याला ३९ टक्के मिळाले. लगेच ‘तीन टक्क्यांची आघाडी’! पण अधिक-उणे तीन हे प्रत्येक आकड्याचे सुटे माप आहे. दोघांतल्या फरकासाठी ते जवळजवळ दुप्पट, साडेपाचच्या घरात जाते. म्हणजे पहिला पक्ष आठ टक्क्यांनी पुढे असेल किंवा दोनेक टक्क्यांनी मागेही. पण म्हणून ‘बरोबरीची लढत’ लिहिणेही चूकच, कारण पहिला पुढे असण्याची शक्यता तरीही अधिक आहे. त्याच हजारांतले विदर्भातले दोनशे वेगळे काढून ‘विदर्भाचा कौल’ छापणे तर निव्वळ धाडस. तिथे प्रत्येक आकड्याचे माप अधिक-उणे सात होते.

शिवाय हे माप फक्त नमुना निवडण्यातल्या योगायोगाचे. चुकीची माणसे निवडली, तर ते काहीच सांगत नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाच्या चाचणीत वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या, म्हणजे कागदावर हे मार्जिन नगण्यच, अंदाज लँडन यांच्या विजयाचा होता आणि रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. आपल्याकडे आणखी एक गफलत होते, मतांचे मार्जिन जागांना चिकटवण्याची. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७. वायव्य मुंबईचा निकाल तर ४८ मतांवर ठरला.

वाचकाला एवढे गणित झेपणार नाही, असे यावर म्हटले जाते. नेट रनरेट तोंडपाठ असणाऱ्या आणि ‘अंपायर्स कॉल’वर तासभर वाद घालणाऱ्या वाचकाबद्दल हे बोलणे जरा उद्धटपणाचेच. पानावर जागा नाही, ही सबब त्याहून लंगडी. लागतो तो एका वाक्याचा खर्च. आघाडीचा मथळा करायचा असेल, तर त्या आघाडीचेच मार्जिन बातमीच्या पहिल्या परिच्छेदात द्या. चाचणी घेणारी संस्था ते देत नसेल, तर तो मथळा करू नका.