चपड्याची झिलई आणि श्रावकाचार

शिवडी ते रे रोड या बंदरपट्ट्यातील वखारींतून आलेले सागवान कारागिराच्या हातून गृहमंदिराची नक्षीदार कमान होते. शेवटचा संस्कार बहुधा चपड्याच्या पॉलिशचा. स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा पातळ हातांनी चढविला की तो लवकर वाळतो, नक्षी बुजत नाही आणि लाकूड उजळते.

मात्र चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम या वृक्षांवर सूक्ष्म कीटक स्वतःभोवती हे आवरण रचतात. ते काढताना असंख्य जीवांचा घात होतो. म्हणूनच श्रावकाला वर्ज्य अशा १५ कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ गणले आहे. ज्याचा व्यापार वर्ज्य, त्याची झिलई जिनबिंबाच्या कमानीवर शोभेल काय?

रंगाच्या दुकानातील बॉइल्ड जवस तेल हा वनस्पतिजन्य पर्याय आहे. मऊ कापडाने पातळ हात द्यावा, खाचांतील जादा तेल कोरड्या ब्रशाने टिपावे, पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. चकाकी मंद येते, पण लाकडाचे रेषे खुलतात. तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

‘चपडा नको, मधमाशांचे मेणही नको’ हे कारागिराला काम सोपवितानाच सांगावे.