गाडी दानाला निघते

आमच्या तिसऱ्या मजल्याने गाडी दान करायचं ठरवलं आहे. तिसरा मजला म्हणजे कोण, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पाण्याच्या टाकीवरचा लेख छापून आल्यावर ज्यांनी गणपतीपर्यंत माझ्याशी अबोला धरला होता, तेच. रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, दोन ‘शुभ सकाळ’च्या मधोमध, त्यांचा निरोप आला : ‘माझी चारचाकी गरजू संस्थेस विनामूल्य द्यावयाची आहे. संस्थेने स्वखर्चाने घेऊन जावी.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तर ‘दानशूर कर्ण’ असं लिहून टाकलं. कर्णाने दिलेली कवचकुंडलं चालू स्थितीत होती, एवढंच मी लिहिणार होतो, पण अबोला आठवला.

ही गाडी मला रोज दिसते. जिना उतरलं की डाव्या हाताला. कंपनीचं नाव घेत नाही, तिचा बिचारीचा काही दोष नाही. लॉकडाऊनमध्ये जी उभी राहिली ती राहिलीच. चारही टायर बसलेत, बोनेटखाली मांजरीची बाळंतपणं झाली, मागच्या काचेवरच्या धुळीत ज्या पोरांनी बोटाने नावं लिहिली ती आता कॉलेजला जातात. नोंदणी २००८ची, म्हणजे मुदत २०२३ मध्येच संपली. तेव्हापासून काही यांना दानाची इच्छा झाली नाही. ती झाली सेक्रेटरींची नोटीस लागल्यावर : एक तारखेपासून बंद गाड्यांना दुप्पट पार्किंग. त्यात यांची नवी गाडी बुक झालेली. जागा एक आणि गाड्या दोन झाल्या की समाजाची आठवण येते.

मग मला फोन. “काय लेखक, तो तुमचा वृद्धाश्रम आहे ना, त्यांना सांगा की. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला होईल.” वृद्धाश्रम माझा नाही. मी तिथे अधूनमधून पेपर वाचून दाखवायला जातो आणि तिथल्या आज्या मला अग्रलेखाआधी श्रद्धांजल्या वाचायला लावतात, एवढाच संबंध. तोही मीच इथे लिहून ठेवलेला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण या निमित्ताने वाचलं आहे आणि ते वाया जाऊ द्यायची माझी तयारी नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवायची. चारचाकीला त्याची फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. उशीर केलात तर दर महिन्याला ५०० जादा. शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच खेपेला ५,००० पर्यंत दंड. दान म्हटलं तरी गाडी दुसऱ्याच्या नावावर चढवायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म चुकत नाहीत. आणि ती चढेपर्यंत अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाच्याच गळ्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट करून ठेवलेलं आहे. उरला आयकर, ज्याची चौकशी तिसऱ्या मजल्याने सगळ्यात आधी केली होती. ८०जीची सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. हे सांगितलं तेव्हा फोनवर थोडी शांतता पसरली.

तरी मी आश्रमाच्या ताईंना फोन लावला. गाडी मिळतेय म्हटल्यावर त्यांना आनंद होईल असं मला वाटलं असेल, तर तेवढा भोळा मी नाही. पण इतक्या तातडीने त्या मूळ मुद्द्यावर येतील असंही वाटलं नव्हतं.

“कागदं आहेत का सर?”

“संपलीत.”

“बॅटरी?”

“तीही.”

“मग आमच्याकडे आणून काय करू? आहे त्या व्हॅनलाच ड्रायव्हर टिकत नाही. त्यांना म्हणावं, ड्रायव्हरचा वर्षाचा पगार द्या. गाडी राहू दे तुमच्या दारात.”

मी हसलो आणि त्यांचा बांध फुटला. पुढचा अर्धा तास गाडीचं नावही निघालं नाही, आणि मला विचाराल तर या आठवड्याचा खरा विषय तिथूनच सुरू झाला. आश्रमाच्या मागे एक खोली आहे. मी तिला कोठीची खोली समजत होतो. ती देणग्यांची खोली निघाली. त्यात चालत नसलेले मिक्सर आहेत, आणि नेहमी भांडं एकाचं, झाकण दुसऱ्याचं. मागच्या वर्षीच्या डायऱ्या आहेत. लग्नात आलेले लेमन सेट, वेष्टनासकट, आत ‘नांदा सौख्यभरे’ची चिठ्ठी तशीच. पाठीमागे पोट निघालेले तीन टीव्ही. कपाट आवरताना निघालेल्या, मुदत संपलेल्या मधुमेहाच्या गोळ्या, त्या देणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, “दोनच महिने झालेत संपून, चालतात.” एकदा एकाने वडिलांची कवळी आणून दिली. “चांगली बनवलेली आहे, कुणाला तरी बसेल.”

अन्नदानाचं तर विचारूच नका. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे पितृपंधरवड्यात रोज कुणाच्या ना कुणाच्या नावाने खीर येते, श्रीखंड येतं, आणि नवरात्र उजाडेपर्यंत अर्ध्या आश्रमाची साखर डोक्यावर बसलेली असते. देणाऱ्याला सांगावं की ज्वारीचं पीठ द्या, मुगाची डाळ द्या, डायपर द्या. डायपर म्हटलं की माणसं अवघडतात. आजोबांच्या पुण्यतिथीला डायपर कसे द्यायचे? फोटो कसा काढायचा?

हे ऐकताना २०१९चा पूर आठवला. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं आणि आमच्या सोसायटीतून टेम्पो भरून मदत निघाली. गठ्ठे बांधायला मीही होतो. एका गठ्ठ्यातून टिकल्यांचा घागरा निघाला, एकातून थ्री-पीस सूट, एकातून नुसते डाव्या पायाचे बूट. चिखल उपसायला जाणाऱ्या माणसाने सूट घालावा अशी कुणाची कल्पना होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या मजल्याकडून तेव्हा पडदे आले होते.

ही खोड आजची नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. कठोपनिषद तिथूनच सुरू होतं. वाजश्रवस सर्वस्व दान करायचा यज्ञ मांडतो आणि दक्षिणेला गायी काढतो त्या शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं दूध देऊन झालेल्या. पोरगा नचिकेता हे बघतो, त्याला राहवत नाही, आणि तो बापाला विचारत सुटतो की मला कुणाला देणार. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. पुढचं तत्त्वज्ञान सगळ्यांना ठाऊक असतं. गायींकडे मात्र कुणी परत बघत नाही. ज्या ब्राह्मणांना त्या मिळाल्या, त्यांनी त्यांचं काय केलं असेल? चारा तर रोज घालावा लागला असेल. आश्रमाच्या मागे असतात तशा खोल्या तेव्हाही असणार.

न्यू जर्सीतला माझा भाचा म्हणतो, तिकडे याची व्यवस्था आहे. संस्थेच्या नावे फोन करायचा, मालकीचा कागद सही करून द्यायचा, टो ट्रक येऊन गाडी उचलून नेतो. नोंदणी संपलेली असली तरी बहुतेक अडत नाही. गाडी लिलावात जाते, पैसे संस्थेला, दात्याला करात सूट. पूर्वी लोक खटाऱ्याला वाटेल ती किंमत लावून सूट उकळायचे. म्हणून २००५ पासून, ५०० डॉलरच्या वर सूट हवी तर साधारणपणे लिलावात आली तेवढीच किंमत धरतात. म्हणजे वाजश्रवस तिकडेही आहेत, फक्त त्यांना पावती द्यावी लागते. ताईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “लिलाव बरा. आमच्या दारात गंजत तर नाही.”

मग मी तिसऱ्या मजल्याला नीट समजावलं. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात गाडी द्या; नोंदणी रद्द करायची रीतसर सोय होते, वजनावर पैसे मिळतात, वर एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवलं की नव्या गाडीच्या करात सवलत. मिळालेले पैसे आश्रमाला द्या, म्हणजे ८०जीही साधेल. पहिलं वाक्य त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. शेवटचं ऐकलं की नाही, सांगता येत नाही, कारण तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला.

गाडी परवा गेली. जाताना मांजरीला बाहेर काढायला वॉचमनला अंमळ वेळ लागला. पैशांबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. काल मात्र लिफ्टमध्ये भेटले. गाडीचं कव्हर तसं नवीनच आहे, नव्या गाडीला लहान पडतं, तुमच्या आश्रमाला चालेल का, म्हणाले. पावसाळ्यात कशावरही टाकता येतं.

ताईंचा नंबर मागत होते. मी म्हटलं, बदललाय.