टळलेल्या वादळाचा हिशेब

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन-मुरूडच्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. हेच वादळ आदल्या दिवशी गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्या पश्चिमेकडील समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते. ते थोडे आधी किनाऱ्याकडे वळले असते, तर श्रीवर्धनवर जे ओढवले ते मालवण-तारकर्लीवर ओढवले असते. पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ रोजी, याहून प्रबळ असे तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि १७ मेच्या रात्री दीवनजीक सौराष्ट्रात धडकले. मालवण दुसऱ्यांदा बचावले. दोन्ही वेळा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शासनानेही टाकला. लोकांचा निःश्वास समजण्यासारखा आहे. शासनाचा मात्र तपासून पाहिला पाहिजे.

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला. पुढे तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग संस्था उभी राहिली, आणि समुद्रतळ पाहण्यासाठी पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंतचे लोक येथे येऊ लागले. ज्यांचे वाडवडील रापण ओढत, त्या घरांतील मुले आज पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेतात. घरातील स्त्रिया न्याहारी-निवासाच्या खोल्या चालवतात. म्हणूनच ‘पर्यटन हा धनिकांचा शौक, त्याची चिंता श्रमिकांच्या पक्षाने का करावी?’ हा काही कार्यकर्त्यांचा आक्षेप टिकत नाही. शौक पाहुण्यांचा असेल. त्यावर चालणारी चूल मालवणच्या श्रमिकाची आहे.

या चुलीचे अर्थशास्त्र हंगामी आहे. मेअखेर जलक्रीडा बंद होतात, १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी येते, आणि पावसाळा मागच्या कमाईवर काढावा लागतो. त्यामुळे मे महिन्याचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. वादळांनी नेमका हाच काळ निवडला. दोन्ही वर्षी महामारीच्या निर्बंधांमुळे किनारे ओस होते, म्हणून पाण्यात पर्यटक नव्हते. एरवीच्या एखाद्या वर्षी, भरल्या हंगामात, तौक्तेसारखे वादळ पन्नास-शंभर किलोमीटर पूर्वेकडून गेले तर काय होईल, हा खरा प्रश्न आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावाला तो अधिकच जिव्हाळ्याचा आहे.

शिवाय ‘बचावले’ हा शब्दही सर्वांना सारखा लागू पडत नाही. तौक्तेच्या वेळी मालवणपासून फार दूर नसलेल्या देवगडच्या आनंदवाडी बंदरात नौका बुडाल्या आणि खलाशांचे प्राण गेले. त्याच वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक मृत्युमुखी पडली. हवामान खात्याचे इशारे आधीच आलेले होते. वादळाचा इशारा सर्वांना एकाच वेळी मिळतो. तो पाळण्याची ऐपत मात्र सर्वांना सारखी नसते. नौका केव्हा परतावी हे खलाशी ठरवत नाही. आजचा रोज बुडाला तर उद्या काय, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, तो इशाऱ्यानंतरही कामावर राहतो. याला निसर्गाचा कोप म्हणणे ही आत्मवंचना होय.

वादळानंतर येणारी मदतही मालमत्तेच्या मागून चालते. पंचनामा घराचा, नौकेचा, जाळ्याचा आणि बागेचा होतो. निसर्ग वादळानंतर राज्य शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५०,००० रुपये देऊ केले. पण कोकणातील वाडी हेक्टरांत नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते. नारळाचे झाड पुन्हा फळास येण्यास जी वर्षे लागतात, त्यांचा हिशेब या मापात बसत नव्हता. ज्याच्या नावावर झाडही नाही आणि नौकाही नाही, त्या स्कूबा मार्गदर्शकाच्या किंवा खलाशाच्या बुडालेल्या हंगामाची मोजदाद या पंचनाम्यात जवळजवळ होतच नाही. पर्यटनाचा नफा खाजगी राहतो आणि वादळाची जोखीम मात्र सर्वांत दुबळ्या खांद्यावर ढकलली जाते.

आणि ही जोखीम वाढत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापत आहे आणि वादळांना त्यातूनच बळ मिळत आहे. पश्चिम किनाऱ्याला वादळे क्वचित येतात, या जुन्या समजुतीवर यापुढे नियोजन उभारता येणार नाही.

नियोजनाने काय साधते याची उदाहरणे आहेत. १९६३ च्या फ्लोरा वादळात क्यूबामध्ये हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या लहानशा, गरीब देशाने गल्लीपासून राजधानीपर्यंत नागरी संरक्षणाची यंत्रणा उभी केली आणि वादळबळींची संख्या फार खाली आणली. ओडिशात १९९९ च्या महावादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ च्या फायलिन वादळात लाखो लोक आधीच हलवले गेले आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. हा बचाव सार्वजनिक प्रयत्नांनी कमावलेला होता. मालवणचा बचाव मात्र वाऱ्याच्या मर्जीने झाला.

पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावातील कार्यकर्त्यालाही हा प्रश्न परका वाटू नये. निसर्ग वादळ आले त्याच २०२० सालच्या ऑगस्टअखेर, मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला, आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. तेथेही सातबारा ज्याच्या नावे त्याचा पंचनामा. बटईने धान लावणारा, रोजाने रोवणी करणारी बाई आणि नदी-तलावांवर जगणारा ढिवर यांचे नाव कागदावर येणे कठीण. एकीकडे वारा, दुसरीकडे पाणी. पण मदतीची पट्टी एकच. ती मालमत्ता मोजते, श्रम मोजत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पर्यटनातून शासनाला मिळणाऱ्या महसुलाचा ठरावीक हिस्सा किनाऱ्यावरील श्रमिकांच्या आपत्ती निधीत जावा. धोक्याच्या इशाऱ्यामुळे काम थांबले तर त्या दिवसांचा रोज या निधीतून मिळावा. मग इशारा पाळणे कोणालाच परवडेनासे होणार नाही. किनाऱ्यावर पक्के निवारे, भूमिगत वीजवाहिन्या आणि नौकांसाठी सुरक्षित बंदरे व्हावीत. पंचनाम्यात मजूर, खलाशी, मार्गदर्शक आणि बटईदार यांची नोंद सक्तीची असावी, आणि ती ग्रामसभेपुढे वाचली जावी.

मालवण बचावले ते वाऱ्याने दोनदा कृपा केली म्हणून. तिसऱ्या खेपेची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. दोन वादळांनी दिलेली ही उसंत संघटनेने वापरली नाही, तर पुढच्या पंचनाम्यातही श्रमिकाचा रकाना कोराच राहील.