सुटलेले शिक्षण



घरची जबाबदारी अंगावर पडली की शिक्षण सुटते, आणि एकदा सुटले की सुटलेच, असे पुष्कळ लोक मानतात. मला हे पटत नाही. अझीम प्रेमजी यांचे चरित्र पाहा.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे मोहंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी काढली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा मुलगा अझीम याचा जन्म झाला. मोठेपणी अझीम विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९६६ साली वडील अचानक वारले. एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. कंपनीच्या सभेत एका भागधारकाने, आपले भाग विकून कंपनी अनुभवी माणसांच्या हाती द्या, असा सल्ला दिला. अझीम डगमगले नाहीत.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम ही परदेशी संगणक कंपनी भारतातून निघून गेली. ही संधी ओळखून तेल-साबण विकणारी प्रेमजींची कंपनी संगणकाच्या व्यवसायात उतरली. पुढे ती सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाने काय करायचे हे सांगणाऱ्या आज्ञावल्या, तयार करू लागली. हीच विप्रो कंपनी. नाव झाले, पैसा आला. आता पदवी कशाला हवी? तरीही तीस वर्षांहून अधिक काळानंतर प्रेमजींनी राहिलेला अभ्यास पूर्ण करून स्टॅनफर्डची पदवी घेतली.

तुम्ही म्हणाल, "सर, ते श्रीमंत घरचे. त्यांची आणि आमची काय बरोबरी?" बरोबर आहे. शिक्षण सुटले म्हणून त्यांच्या घरची चूल विझणार नव्हती. तुमच्यापैकी कोणी शाळा सोडून यंत्रमागावर, दुकानात किंवा शिवणकामाला लागले, तर त्याच्या पाठीशी वडिलांची कंपनी नसते. म्हणूनच मी विचारतो, ज्याला पदवीची गरज नव्हती त्याने ती पूर्ण केली. मग ज्याला गरज आहे त्याने अभ्यास का सोडावा?

काम करावे लागले तर जरूर करा. कष्टात कमीपणा नाही. पण रात्रशाळा आहेत. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ काम करणाऱ्यांनाही पदवीचे शिक्षण देते.

प्रेमजींनी पुढे आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग शिक्षणाच्या कामासाठी दिला. तेवढे दान आपल्या हातून होणार नाही. परंतु अर्धवट राहिलेले पुस्तक पुन्हा उघडणे मात्र आपल्या हातात आहे.