सिरोंचा: टोक कुणाचं?

आलापल्ली मागे पडली की दोन्ही बाजूंनी सागवानाचं जंगल सुरू होतं. रस्ता खराब होत जातो, तसतसं एसटीतलं मराठीही विरळ होत जातं. सिरोंच्याला उतरल्यावर कानावर बहुतेक तेलुगूच पडते. गडचिरोलीपासून हे गाव दोनशेहून अधिक किलोमीटर. आपण त्याला बिनदिक्कत ‘महाराष्ट्राचं शेवटचं टोक’ म्हणून टाकतो.

एकेकाळी मात्र हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. 1860 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांना मिळाला, ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि कचेरी बसली सिरोंच्यात. सगळी मदार नदीवर. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता गावाला खेटून वाहते आणि जरा खाली गोदावरीत शिरते. नागपूर-वऱ्हाडचा कापूस याच पाण्यावरून थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, हा इंग्रज अभियंते सर आर्थर कॉटन यांचा ध्यास. पात्रातल्या खडकांपायी बोटी अडायच्या. त्यांना बगल द्यायला कालवे, बांध सुरू झाले, पैसा ओतला गेला. तेवढ्यात 1867 मध्ये नागपूरला आगगाडी आली. कापसाने मुंबईचा रस्ता धरला, जलमार्ग गुंडाळला गेला आणि 1874 मध्ये जिल्हाही. सिरोंचा आडबाजूला पडलं ते तेव्हा. जागचं हललं नाही, रस्ता तेवढा बदलला.

संगमावर नाशिककरांनी एकदा तरी यावं. नांदेड जिल्ह्यातून तेलंगणात गेलेली गोदावरी इथे पुन्हा महाराष्ट्राच्या अंगाला लागते आणि प्राणहितेचं पाणी मिळाल्यावर तिचं रूपच पालटतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पात्रात वाळूच जास्त दिसते, पण काठाची उंची पाहिली की पावसाळ्याचा अंदाज येतो. पैलतीरी कालेश्वर. तिथे एकाच शाळुंकेवर दोन लिंगं, एक शिवाचं, एक यमाचं. पूर्वी नावेने जायचे, आता पूल आहे.

खालच्या अंगाला मेडीगड्डाचं धरण. 2019 मध्ये वाजतगाजत सुरू झालं. 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. पाणी तेलंगणासाठी, फुगवटा मात्र आमच्या शेतात, ही अलीकडच्या काठावरच्या शेतकऱ्यांची तक्रार. नदी दोघांची असली की असा हिशेब नेमका काठावरच्यांच्या गळ्यात येतो.

एका खळ्यावर मिरची वाळत घातली होती. लालभडक, पायाखाली चुरचुरणारी. दोन पावलं टाकली आणि शिंकांनी बेजार झालो. देठं खुडणाऱ्या बाया पदराआडून हसत होत्या. त्यांना त्या खाटाचं काहीच नव्हतं.

चहाच्या टपरीवर विचारलं, दवाखान्याला कुठे जाता?

“वरंगल.”

रेल्वे?

“मंचेरियाल.”

आणि गडचिरोलीला?

“सरकारी काम निघालं की. पण एका फेरीत होत नाही, सर.”