कॅरॅव्हॅनमध्ये बॅटरी जोडताना
कॅरॅव्हॅन घेऊन वीज नसलेल्या जागी राहायचंय? मग बॅटरीवरच्या आकड्यावर जाऊ नका. 100 एएचची लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, तर लवकर संपते. म्हणजे हाताशी 50च. लिथियम फॉस्फेट महाग, पण 80 सहज देते आणि वजनालाही हलकी. फक्त स्पितीसारख्या थंडीत जपा: शून्य अंशाखाली चार्ज केली, तर कायमची बिघडू शकते.

दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर जोडताना प्लसला प्लस, मायनसला मायनस. बाहेर जाणारी प्लसची वायर एकीवरून, मायनसची दुसरीवरून घ्या. नाहीतर एकटीच जास्त राबते. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवीच्या जोडीला लावायचा मोह तर आवराच!

फ्यूज मात्र प्लसच्या टोकाला अगदी लागून हवा. प्रवासात वायर घासून शॉर्ट झाली आणि आपण गाढ झोपेत असलो, तर आग लागण्याआधी तोच तुटतो.