हाताला कळते, ते आधी द्या!

रक्ताच्या थेंबावरून स्तनाचा कर्करोग ओळखणारा ‘बायोसेन्सर’ येणार, अशा बातम्या वर्षानुवर्षे छापून येत आहेत. आम्हाला विज्ञानाचे वावडे नाही. मधुमेही माणूस घरी साखर मोजतो, ते यंत्रही बायोसेन्सरच. कर्करोगाच्या यंत्रात पट्टीवर प्रतिपिंड बसवतात. ‘हर-२’सारखे प्रथिन त्याला चिकटले की विजेचा संकेत बदलतो. पण साखर रक्तात मुबलक असते, हे प्रथिन रोगाच्या आरंभी अत्यल्प. शिवाय प्रत्येक स्तनकर्करोगात ते वाढतेच असेही नाही. अडले आहे ते इथे.

तोवर आमच्या मायबहिणींनी काय करायचे? आमच्याकडे वकिलीच्या निमित्ताने येणाऱ्या बाया सांगतात, ‘गाठ दुखत नव्हती, मग कामावर खाडा कशाला करायचा?’

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर टाटा मेमोरियलने १९९८ पासून अभ्यास केला. एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करीत. दुसऱ्या गटाला तपासणी नव्हती, फक्त माहिती दिली गेली. (यावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तच होते.) २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतील स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

म्हणजे पुरावा गरीब स्त्रियांच्या देहावरून मिळाला. लाभ कोणाला? २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तिशीपुढील स्त्रियांसाठी ही तपासणी आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत एकीचीही तपासणी झालेली भरली नाही. पन्नाशीपुढच्या बाईला तर त्या सर्वेक्षणात विचारतच नाहीत!

उद्या यंत्र आले तरी दराचा प्रश्न येणारच. पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार रोगनिदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, यंत्रावर मात्र मिळू शकते. दर परवडेनासा झाल्यास कलम ८४ खाली सक्तीचा परवाना मागता येतो. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधाला तो मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला.

ते पुढचे. आज आपल्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात स्तनतपासणी होते का, गेल्या वर्षी किती जणींची झाली, हे महिला मंडळांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. केंद्रीय नियमांनुसार अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.